गोवा समोर, पाय बोटीवर

वर्तकनगर नाक्यावर शनिवारी संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहा, अर्ध्या ठाण्याचे वीकएण्ड प्लॅन फुकटात ऐकायला मिळतात. माथेरान, लोणावळा, अलिबाग ही नावं आता जरा जुनी झाली. परवा चहाच्या टपरीशी पाचजणांच्या एका ऑफिस ग्रुपचा विषय होता क्रूझ. एकाच्या मोबाइलवर पॅकेज उघडलेलं. मुंबई-गोवा-मुंबई. जेवण, डीजे, स्विमिंग पूल, सगळं त्याच पैशात. त्यातल्या एकीने मध्येच विचारलं, ‘‘पण गोव्यात उतरायला मिळणार ना रे? नक्की?’’ बाकीचे चौघं हसले. पॅकेजमध्ये लिहिलंय म्हणजे मिळणारच की!

हसू नका मंडळी. त्या पाचजणांत डोकं ठिकाणावर असलेली ती एकटीच होती.

जानेवारी २०२२ आठवतोय? ओमायक्रॉन नुकताच आला होता, तरी थर्टीफर्स्ट कोणी सोडला नव्हता. मुंबईहून निघालेली ‘कॉर्डेलिया’ कंपनीची बोट २ जानेवारीला, रविवारी, गोव्याच्या मुरगाव बंदरापाशी पोचली. बोटीवर प्रवासी आणि कर्मचारी मिळून दोन हजारांच्या आसपास माणसं. एक कर्मचारी पॉझिटिव्ह निघाला आणि गोवा सरकारने सांगितलं, सगळ्यांची टेस्ट झाल्याशिवाय कोणीही खाली उतरायचं नाही. झालं! समोर वास्को दिसतंय, मोबाइलला रेंज आहे, हॉटेलवाल्याचा ‘सर, चेक-इन कधी?’ असा फोन येतोय आणि तुम्ही केबिनमध्ये. दुसऱ्या दिवशी आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी आकडा जाहीर केला, ६६ पॉझिटिव्ह. बोट परत फिरली आणि मंगळवारी मुंबईला आली. तिथे महापालिकेने पुन्हा टेस्ट केल्या, तेव्हा आणखी शंभरावर लोक पॉझिटिव्ह सापडले. गोव्याला गेले आणि गोव्याच्या मातीला पाय न लावता परत आले, असे शेकडो लोक त्या आठवड्यात होते.

गंमत बघा. नेमक्या त्याच दिवसांत रस्त्याने, ट्रेनने, विमानाने आलेली जनता बागा-कळंगुटच्या वाळूत मजेत लोळत होती. त्यांच्यात किती पॉझिटिव्ह होते? कोण मोजणार! किनाऱ्यावरच्या गर्दीला दरवाजा नसतो. बोटीला असतो, आणि तो एकच असतो. तिथे एक डॉक्टर आणि दोन पोलीस उभे केले की दोन हजार माणसं जागच्या जागी थांबतात. आरोग्याचे नियम बोटीवर इतके जोरात आदळतात, त्याचं मोठं कारण हे आहे. बोट जास्त धोकादायक असते हे खरंच, पण ती अडवायला सोपीही असते.

आणि पॅकेजवाला तुम्हाला एक गोष्ट कधीच सांगत नाही. केबिन त्याची, बुफे त्याचा, डीजे त्याचा. बंदर मात्र त्याचं नसतं. परदेशातून आलेल्या बोटीला धक्क्याला लागण्याआधी बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याची परवानगी लागते. तिला म्हणतात ‘प्रॅटिक’. कप्तान बोटीवर कोणी आजारी आहे का, याचं घोषणापत्र देतो आणि अधिकारी हो म्हणाला की मग शिडी खाली लागते. त्यासाठी बोटीवर पिवळा झेंडा चढवायची पद्धत आहे. पिवळा झेंडा म्हणजे रोगाची बोट, अशी अनेकांची समजूत असते. आजच्या भाषेत त्याचा अर्थ बरोबर उलटा आहे. आमच्याकडे सगळं ठीक आहे, आत येऊ द्या! एरवी हा सगळा मामला तुम्ही ब्रेकफास्टला ऑम्लेट खात असताना उरकतो, म्हणून कळत नाही.

२०२०मध्ये हा न दिसणारा शिक्का एकदम सगळ्या जगाला दिसला. फेब्रुवारीत ‘डायमंड प्रिन्सेस’ जपानच्या योकोहामाला थांबवली, बोटीवर ३,७११ माणसं. शेवटी ७१२ जणांना लागण झाली. त्याच सुमारास ‘वेस्टरडॅम’ नावाची दुसरी बोट जपान, तैवान, फिलिपाइन्स, ग्वाम, थायलंड असा नकारांचा हार गळ्यात घालून फिरत होती. शेवटी कंबोडियाने १३ फेब्रुवारीला तिला सिहानूकविल बंदरात घेतलं. खरं तर २००५ची आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली सांगते की आरोग्याचं कारण पुढे करून बोटीला बंदरात यायला अडवू नये. बंदराकडे सोय नसेल तर जवळच्या सोय असलेल्या बंदराकडे पाठवावं. पण त्याच नियमावलीत सरकारांना जादा उपाय करायची पळवाटही आहे. त्या महिन्यात जो तो पळवाटेनेच पळाला.

आता म्हणाल, टुरिस्ट लोकांची दहा दिवस गैरसोय झाली, त्यात एवढं काय? लॉकडाऊनमध्ये आपल्या बिल्डिंगासुद्धा सील होत होत्या. बरोबर. पण बोटीवर टुरिस्टांशिवाय दुसरी माणसंही असतात. डायमंड प्रिन्सेसवर एकूण १३८ भारतीय होते. त्यातले प्रवासी किती? फक्त सहा! बाकीचे १३२ कर्मचारी. कोणी कुक, कोणी वेटर, कोणी सिक्युरिटीत. प्रवाशांना केबिनमध्ये बसवल्यावर त्यांच्या दारात जेवणाचे ट्रे नेऊन ठेवायचं काम ह्या पोरांचंच होतं. स्वतः मात्र एका छोट्या केबिनमध्ये दोघं-दोघं झोपायचे आणि एकत्र मेसमध्ये जेवायचे. त्यातल्या काहींनी मोबाइलवर व्हिडिओ काढून थेट पंतप्रधानांना साकडं घातलं. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या खास विमानाने ११९ भारतीय दिल्लीला आले. क्वारंटाइन म्हणजे काय, तर प्रवाशाला खोलीत कोंडणं आणि कर्मचाऱ्याला त्याच्या दारात उभं करणं, असा त्या दोन आठवड्यांचा हिशोब होता.

आपल्याकडची गोष्ट तर आणखी जवळची. २५ मार्च २०२०ला देश बंद झाला. ‘मरेला डिस्कव्हरी’ नावाच्या, ब्रिटिश पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटीवरचे प्रवासी आधीच उतरले होते. राहिले होते कर्मचारी, त्यात जवळपास १४५ भारतीय. ही बोट मुंबईजवळच्या समुद्रात येऊन ताटकळत थांबली. भारतीय पासपोर्ट, भारतीय समुद्र, समोर मुंबई. पण उतरायचं कसं, ह्याचा नियमच नव्हता! बंदी होती, पण बंदीत घरी परतणाऱ्या माणसाचं काय करायचं, हा कॉलमच कोणी भरला नव्हता. गोव्यात तर ह्या लोकांना ‘तारवटी’ असा खास शब्द आहे, घराघरात एक तरी तारवटी असतो. तिथल्या कुटुंबांनी सरकारच्या नाकी नऊ आणले. विमानाने आलेले परदेशातले विद्यार्थी आधी देशात घेता, मग आमची पोरं किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर का लटकवता? मला विचाराल तर ह्या प्रश्नाला त्या वेळी कोणाकडेच धड उत्तर नव्हतं.

२१ एप्रिलला गृहमंत्रालयाने कार्यपद्धती काढली. ती वाचण्यासारखी आहे, कारण त्यात काही रॉकेट सायन्स नाही. खलाशाने मागच्या २८ दिवसांत कुठे गेलो, कोणाला भेटलो ते लिहून द्यायचं. बंदरात टेस्ट. रिपोर्ट येईपर्यंत तिथल्याच क्वारंटाइनमध्ये मुक्काम. निगेटिव्ह आला की घरी जायला पास, त्यावर रस्ता आणि तारीख-वेळ ठरलेली. बस्स, एवढंच! दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, मरेलाचे भारतीय कर्मचारी मुंबई बंदरात उतरायला लागले. म्हणजे अडचण रोगाची जेवढी होती, तेवढीच कागदाचीही होती. हा कागद मार्चमध्ये का नाही निघाला, असा प्रश्न मनात येतोच. आणि हे फक्त आपल्याकडे नाही. २०२०च्या शेवटी जगभरात सुमारे ४ लाख दर्यावर्दी करार संपूनही बोटींवर अडकले होते, त्यात मालवाहू बोटींवरचेही आले. तुमच्या-माझ्या ऑफिसमध्ये नोटीस पीरियड आठवडाभर लांबला तरी आपण एचआरच्या नावाने शंख करतो.

पण थांबा, लगेच ‘दरवाजे उघडा’ म्हणून घोषणा देऊ नका. दरवाजा उघडल्यावर काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. १९ मार्च २०२०ला सिडनीत ‘रुबी प्रिन्सेस’ धक्क्याला लागली. बोटीवर तापाचे पेशंट होते, नमुने घेतलेले होते, पण रिपोर्ट येण्याआधीच अडीच हजारांवर प्रवाशांना ‘बाय बाय’ केलं. ते गेले ट्रेनने, टॅक्सीने, विमानाने आपापल्या गावी. पुढे निदान २८ मृत्यू ह्या बोटीशी जोडले गेले. चौकशी आयोग बसला, ऑगस्टमध्ये त्याने राज्याच्या आरोग्य खात्यावर कडक ताशेरे ओढले. वास्कोच्या धक्क्यावर शिडी अडवून उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या डोक्यात सिडनी असणारच. त्याला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्या दोन दिवसांत मीसुद्धा त्याच्या जागी असतो तर शिडी लावली नसती.

मग बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा थांब्यांचं रूपच पालटलं. ऑगस्ट २०२०मध्ये इटलीत ‘एमएससी ग्रॅन्डिओसा’ निघाली. नियम असा की बंदरावर उतरायचं ते बोटीने ठरवलेल्या टूरवरच, शाळेच्या सहलीसारखं रांगेत. एक कुटुंब मध्येच ग्रुप सोडून आपलं आपलं भटकायला गेलं, तर त्यांना नेपल्सला बोटीवर परत घेतलंच नाही! सिंगापूरने वेगळाच फण्डा काढला, थांबाच नको. समुद्रात चक्कर मारायची आणि घरी यायचं, नाव ‘क्रूझ टू नोव्हेअर’. त्यातलीही एक बोट डिसेंबर २०२०मध्ये ८३ वर्षांच्या एका आजोबांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून लवकर परत आली, आणि नंतर कळलं की आजोबा ठणठणीत निगेटिव्ह. अमेरिकेत तर अलास्काच्या बोटींना कॅनडाचं बंदर नुसतं शिवायला लागायचं, तेही १८८६च्या एका कायद्यापायी. कॅनडाने बंदरं बंद केली आणि सगळा सीझन बुडायची वेळ आली. मग मे २०२१मध्ये संसदेत खास नवा कायदा करावा लागला. मुंबईच्या ‘कर्णिका’ला मात्र नवा कायदा वगैरे काही मिळालं नाही. एप्रिल २०१९मध्ये वाजतगाजत सुरू झालेली ही क्रूझ. २०२०च्या अखेरीस कंपनी बंद आणि बोट अलंगला भंगारात.

आता तुमचं काय? ठाण्याहून फास्ट लोकल, सीएसएमटीला टॅक्सी, बॅलार्ड पिअर, हे सगळं जमवून तुम्ही जाणारच. जावंच. फक्त बुकिंगच्या आधी त्या बारीक अक्षरातल्या अटी उघडा. थांबा बदलण्याचा किंवा रद्द करण्याचा हक्क कंपनी बहुतेक वेळा स्वतःकडे ठेवते. त्या वेळी पैसे परत मिळणार की पुढच्या ट्रिपचं कूपन, ते बघा. गोव्यातलं हॉटेल वेगळं बुक करणार असाल तर फुकट कॅन्सल होणारं घ्या. इन्शुरन्समध्ये ‘क्वारंटाइन’ हा शब्द आहे का, ते शोधा. सोमवारची प्रेझेंटेशन बोट परतण्याच्या दिवशी दुपारी ठेवू नका.

आणि बजेट थोडं ताणता आलं तर खिडकीची केबिन घ्या. सगळ्यात स्वस्त केबिनला खिडकी नसते, आणि दिवसभर डेकवर असताना त्याने काही बिघडत नाही. पण योकोहामाला बिनखिडकीच्या केबिनमधल्या लोकांना हवा खायला डेकवर सोडायचे ते पाळीपाळीने, थोडाच वेळ, मास्क लावून आणि एकमेकांपासून लांब उभं करून.