दहा की नऊ?

परवा रात्री माझ्या वहीतली दहावी गोष्ट लिहून झाली. 'त्यात काय एवढं?' असं तुम्ही म्हणाल. पण मित्रहो, ज्याने दहावीच्या निबंधानंतर स्वतःच्या मनाने मराठीत एक पान लिहिलं नाही, ज्याची जर्नल्स मागच्या बॅचच्या कृपेने पूर्ण झाली, त्याच्यासाठी दहा म्हणजे खूपच झालं! कँटीनमध्ये एक वडापाव जास्त खाऊन मी ते साजरंही केलं.

गोष्टी कल्पनेतल्या नाहीत, घडलेल्या. आजोळची विहीर, बारावीचा निकाल, होस्टेलवरची पहिली रात्र वगैरे. खरं सांगायचं तर पहिल्या चार म्हणजे पु.लं.ची सरळसरळ जी.टी. होती. शीटखाली बल्ब लावून मारतात तशीच. आयुष्यात कधी विनोद न केलेले माझे काका वहीत दर दोन ओळींना कोटी करायला लागले! मग लायब्ररीत लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' हाती लागलं. त्याचा पहिला भाग 1934 सालचा, पण वाचताना बाई समोर बसून बोलतायत असं वाटतं. म्हटलं, आपणही आई बोलते तसंच लिहावं. पाचवी गोष्ट जरा माझी झाली.

असो. घोडं अडलं ते आठवीला. ती माझ्या रूममेटची. त्याच्या फीसाठी वडिलांनी बैल विकला. पी.एल.मध्ये लाईट गेलेल्या एका रात्री त्याने हे मला सांगितलं होतं. मी लिहून काढलं, नाव बदललं आणि विंगमधल्या पाच-सहा जणांना वाचून दाखवलं. सगळे गप्प झाले. मला वाटलं, जिंकलो! तो एवढंच म्हणाला, "छान लिहिलंयस." आणि बादली घेऊन बाहेर गेला. चार दिवस माझ्याबरोबर मेसला आला नाही.

पाचव्या दिवशी बोलला. "बैल विकला हे खरंय. पण बाबा रडले नव्हते रे. तू रडवलंस त्यांना."

नाव बदललं की आपण मोकळे, असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते आता पटत नाही. होस्टेलमध्ये कोणाच्या घरी काय चाललंय हे भिंतींनाही ठाऊक असतं, तिथे नाव बदलून काय लपणार? पण दुसऱ्यांबद्दल लिहूच नये, हेही मला मान्य नाही. तसं केलं तर माझ्या वहीत फक्त माझा पी.आर.एन. नंबर उरेल. बेबी कांबळेंनी 'जिणं आमुचं' कित्येक वर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं होतं, 1986 मध्ये ते पुस्तक आलं. विचारून लिहायला बसल्या असत्या तर ते लिहूनच झालं नसतं. पण त्या स्वतः भोगलेलं सांगत होत्या. मी सांगत होतो ते अंधारात, दुसऱ्याच्या डब्यातले लाडू खात ऐकलेलं! माझं मत विचाराल तर, ऐकलेली गोष्ट लिहावी जरूर, पण ज्याची आहे त्याला ती आधी एकट्याला वाचून दाखवावी. विंगला नंतर.

मी वही त्याच्यापुढे ठेवली. त्याने पेन्सिलीने रडण्याची ओळ खोडली आणि बाजूला लिहिलं, 'बैल दिला, पण दावं घेऊन बाबा घरी आले. अजून खुंटीला आहे.' ही ओळ मला जन्मात सुचली नसती.

आठवी गोष्ट मी पुन्हा लिहिली. आता ती कोणाला वाचून दाखवायची की नाही, हे तो दिवाळीच्या सुट्टीत वडिलांना विचारून सांगणार आहे. तोपर्यंत कोणी विचारलंच तर नऊ. वडापावचा हिशोब नंतर बघू.