काट्याची परीक्षा वजनानेच

जतच्या बाजारात डाळिंब आणि बेदाणा आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर चढतो, म्हणून दांडीच्या तराजूला मोडीत काढण्याची घाई करू नये. इलेक्ट्रॉनिक काटा मालाचा दाब मोजून त्याचे किलो दाखवतो. गुरुत्वाकर्षण जागेनुसार किंचित बदलते, त्यामुळे अचूक काटा वापराच्या ठिकाणीच जुळवून घ्यावा लागतो. तराजू मात्र वस्तुमानाची तुलना वस्तुमानाशीच करतो. गुरुत्वाकर्षण दोन्ही पारड्यांवर सारखेच, म्हणून उत्तर जतला येते तेच महाबळेश्वरला. तराजूत पासंग लपवता येतो, दांडी मारता येते, हा आक्षेप खराच आहे; पण ती लबाडी गिऱ्हाइकाला स्वतः पकडता येते. आधी रिकामी पारडी समतोल आहेत का पाहावे, मग माल आणि वजन यांची अदलाबदल करावी. दांडीच्या बाजू असमान असतील तर पारडे लगेच झुकते. इलेक्ट्रॉनिक काट्यातली खोट अशी डोळ्यांना दिसत नाही. कायद्यानेही वजने व तराजूची फेरपडताळणी २ वर्षांनी, तर इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी सक्तीची केली आहे. वेगासाठी काटा जरूर वापरावा. पण शेजारी शिक्क्याचे २० किलोचे वजन असावे आणि माल चढवण्यापूर्वी ते काट्यावर ठेवून दाखवा, असे शेतकऱ्याने हक्काने सांगावे.