ऊन ४५, डी १४!

मे महिना. जळगावात पारा ४५ला टेकलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. अशात धुळ्याहून ताईचा मेसेज, 'माझं व्हिटॅमिन डी १४ आलंय. हसू नकोस.'

हसलोच! अगं, अख्ख्या महाराष्ट्राला वाटून उरेल एवढं ऊन आपल्या खान्देशात. पण मंडळी, त्यातलं अंगावर येतं किती? स्कूटीवर स्कार्फ, सनकोट, हातमोजे आणि मग दिवसभर एसी. तुमचं-आमचं तरी वेगळं काय आहे?

ताई माझी मावसबहीण. तिला मल्टिपल स्क्लेरॉसिस आहे, म्हणजे एमएस. यात शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरचं आवरण कुरतडते. वायरीचं कोटिंग गेल्यासारखं. त्यासाठी ती इंटरफेरॉनची इंजेक्शनं घेते. डॉक्टरांनी डीची पुडी सुरू केली, आठवड्याला एक.

चार महिन्यांनी रिपोर्ट आला, ८८! मावशीने देवापुढे साखर ठेवली. ती म्हणे, पुडीचा गुण. मी हुशारी मारली, इंजेक्शनचाही असेल. टास्मानियातल्या संशोधकांना २०१२मध्ये इंटरफेरॉन घेणाऱ्या पेशंटच्या रक्तात डी जास्त आढळलं होतं. तेवढ्याच उन्हातून त्यांना ते जास्त मिळत होतं. स्टेरॉइडचं उलटं. अटॅक आला की ती देतात. पण वारंवार घ्यावी लागली तर आतड्यातून कॅल्शियम कमी शोषलं जातं, हाडं ठिसूळ होतात. म्हणून एमएसवाल्यांच्या डीवर डॉक्टरांचा डोळा असतो.

ताई म्हणाली, 'आता पुडी बंद!' डॉक्टरांनी मात्र एकच विचारलं, 'केसांसाठी काही घेतेस का?'

घेत होती. बायोटिन, रोज १० मिलिग्रॅम. शरीराला लागतं साधारण ३० मायक्रोग्रॅम! लॅबच्या काही टेस्टमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तातलं जादा बायोटिन तिथे घोळ घालतं आणि डी, बी१२ आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७मध्येच ही वॉर्निंग दिली होती. गंमत म्हणजे एमएसवर औषध म्हणून रोज ३०० मिलिग्रॅम बायोटिन देऊन पाहिलं होतं. २०२०च्या मोठ्या चाचणीत त्याचा फायदा दिसला नाही.

गोळ्या थांबवून पुन्हा टेस्ट केली. २६! पुडी बंद केली असती तर?

मग डी वाढवलं की एमएस आटोक्यात? इतकं सोपं नाही. अमेरिकेत ग्लॅटिरामरच्या जोडीला डीचा मोठा डोस देऊन पाहिला. २०२३च्या निकालात अटॅक कमी झाले नाहीत. फ्रान्समध्ये अगदी सुरुवातीच्या पेशंटना दर पंधरवड्याला एक लाख युनिट दिले; २०२५च्या निकालात आजाराची हालचाल कमी दिसली, थांबली नाही. म्हणजे पुडी ही मूळ औषधाची बदली नाही. आणि आठवड्याची पुडी रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीवर बेतू शकतं.

तुमच्या ड्रॉवरमध्येही आहे ना ती केसांची डबी? टेस्टच्या आधी डॉक्टरांना आणि लॅबवाल्याला नक्की सांगा. किती दिवस बंद ठेवायची, ते सांगतील.

ताईचा कालचा मेसेज, 'केस गेले तरी चालतील, रिपोर्ट खरा हवा.' पाठोपाठ दुसरा, 'चालतील म्हणजे, थोडेच हं!'