तारखेला काय कळतंय?

दारूवर लिहितोय म्हणून नातेवाईकांनी नाकं मुरडू नयेत. मी थेंबही घेत नाही. पण अमेरिकेतला माझा भाचा घरी बिअर करतो. तिकडे १९७८ च्या कायद्याने घरच्यापुरती बिअर करमुक्त केली, एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन. असो.

भाचा पेशाने प्रोजेक्ट मॅनेजर. त्यामुळे स्वयंपाकघराच्या भिंतीवर भलामोठा तक्ता! माल्टचं पाणी कधी उकळायचं, हॉप्स कधी, यीस्ट कधी. प्रत्येक भांडं जंतुनाशकाने धुतल्याची खूण. हे मला मनापासून आवडलं. एका भांड्याचा आळस केला, तर १९ लिटर बिअर मोरीत जाऊ शकते.

पण तक्त्यात चौदाव्या दिवशी 'बाटल्या भरणे' होतं, म्हणून त्याने भरल्या. घरात थंडी, यीस्ट मंद. हायड्रोमीटर काल १.०२२, आज १.०२० दाखवत होता. म्हणजे साखर खाणं चालूच होतं. आकडा दोन-तीन दिवस हलला नाही तरच बाटली भरावी, हे त्यानेच मला शिकवलेलं!

"मामा, एक तारीख सरकली की पुढचं सगळं सरकतं."

दहा दिवसांनी मध्यरात्री गॅरेजमध्ये फटाके वाजले. उरलेली साखर, वर फेसासाठी घातलेली साखर, सगळ्याचा वायू झाला आणि बाटल्या फुटल्या. नशीब, तिथे कुणी नव्हतं.

हल्ली उठसूट प्रत्येक गोष्टीला 'प्रोजेक्ट' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे ते इथे. नियोजन हवंच. पण तारीख आली म्हणजे काम झालं, ही शुद्ध फसवणूक आहे. आमची आई दही लागलं का ते भांडं हलकेच कलंडून बघायची, घड्याळात नाही.

आणि हे मी कोणत्या तोंडाने बोलतोय? वर्षानुवर्षं मी वहीत 'घटक पूर्ण' लिहून मुख्याध्यापकांची सही घेतली. पाचवीत मागच्या बाकावरच्या पोरांना जोडाक्षरं वाचता येत नव्हती. पोर्शन मात्र फेब्रुवारीत संपलेला! मी बूच लावलं आणि त्यांना सहावीत धाडलं. त्यातली काही दहावीला फुटली. आवाजही झाला नाही.

म्हणून तक्ता जरूर करा. फक्त 'झालं' हे तारखेने ठरवू नका. ते हायड्रोमीटरला विचारा, पोराला एक पान वाचायला सांगा. उशीर झाला तर होऊ द्या.

पटत नसेल तर भांडायला या. चहा तयार आहे!