गाणे पुरते ऐकू द्या

नोकरीनिमित्त दिल्लीस येऊन राहिलेल्या मराठी माणसाच्या अंगी एक गुण हटकून बाणतो. तो म्हणजे समाधानी वृत्ती. गणेशोत्सवातील नाटक कसेही वठो, 'येथे एवढे तरी मिळते' असे म्हणून तो स्वस्थ होतो. मराठी चित्रपटांच्या बाबतीत हा गुण दुर्गुणाच्या हद्दीत शिरला आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गेल्या दीड दशकात आपल्या संगीत रंगभूमीवर आणि गवयांवर जे चित्रपट निघाले, त्यांस आपल्यापैकी पुष्कळांनी सरसकट शाबासकी दिली. फायलीवर 'सहमत' असा शेरा मारण्याची कचेरीतील सवय चित्रगृहातही सुटली नाही. आम्हांस हा शेरा मान्य नाही.

विषय आज काढण्यास कारण झाले ते एका जुन्या तबकडीचे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी गायिलेले 'मानापमाना'तील 'चंद्रिका ही जणू' हे पद अलीकडेच आमच्या कानी पडले. खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी कोणी ऐकली नाही? पण हे नाट्यपद आम्हांस सर्वस्वी नवे होते. उंच पट्टीतला तो मृदू आवाज एकेका स्वरावर असा येऊन थांबतो की, ऐकणाऱ्याने श्वास घेण्याचेही विसरावे. घाई नाही, शब्दांची ओढाताण नाही, टाळी घेण्याची हाव नाही. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. तेवढ्यात पद सुरू होते, फुलते आणि पुरे होते. ऐकणाऱ्यास काही अपुरे राहिले असे वाटत नाही.

आता या गवयाचे गाव पाहा. खाँसाहेब १८७२ साली कैराना येथे जन्मले. ते गाव आज उत्तर प्रदेशातील शामली जिल्ह्यात, म्हणजे राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच मोडते. आपल्या सरकारी वसाहतींपासून सुमारे शंभर किलोमीटरांवर. तेथून निघालेले खाँसाहेब मिरजेस स्थायिक झाले, सवाई गंधर्वांसारखा शिष्य त्यांनी घडविला आणि १९३७ साली निवर्तल्यावर ते मिरजेच्या दर्ग्याच्या परिसरातच विसावले. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांचीच अपत्ये. मराठी ही त्यांची मातृभाषा नव्हती. तरीही मराठी नाटकातील पदास त्यांनी ख्यालाइतकाच मान दिला.

मूळ 'मानापमान' तरी कोठे सोवळे होते? कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे हे नाटक १९११ साली रंगभूमीवर आले, तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी त्याच्या चालींत उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याचा रंग मोकळेपणाने मिसळला. म्हणजे उत्तरेचे गाणे दक्षिणेस गेले, मराठी झाले, आणि कैरान्याच्या गळ्यातून पुन्हा आपल्या कानी आले. या येण्याजाण्यातच आपल्या नाट्यसंगीताची श्रीमंती आहे.

याच नाटकावर बेतलेला 'संगीत मानापमान' हा चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये पडद्यावर आला. सुबोध भावे यांचे दिग्दर्शन, शंकर-एहसान-लॉय यांचे संगीत, डोळे दिपविणारी वेशभूषा आणि भव्य महाल. उणे असे काही नव्हते. नव्या चाली आल्या याबद्दलही आमची तक्रार नाही. टेंब्यांच्या चालीही एके काळी नव्याच होत्या. तक्रार आहे ती निराळीच. या चित्रपटास गाण्यावर भरवसा नाही. गाणे एकटे उभे राहील, त्याच्या बळावर धैर्यधराचा स्वाभिमान आणि भामिनीचा ताठा प्रेक्षकास उमगेल, हे त्यास पटत नाही. म्हणून गाण्याच्या साहाय्यास वाद्यांचा गजर धावतो, नर्तकांचे ताफे धावतात, कॅमेरा गरगरा फिरतो. संगीत नाटकात पद हेच पात्राचे बोलणे असते. येथे ते दोन प्रसंगांमधील रोषणाई होऊन बसले आहे.

हा रोग एकाच चित्रपटाचा नव्हे. 'बालगंधर्व'साठी आनंद भाटे, 'कट्यार काळजात घुसली'साठी महेश काळे आणि 'मी वसंतराव'साठी राहुल देशपांडे अशा तिघांस सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. दिल्लीने मराठी गळ्याचा असा तीनदा गौरव केला, याचा आम्हांसही अभिमान आहे. यांपैकी 'मी वसंतराव'ने गाण्यास बरीच ऐसपैस जागा दिली, हेही आम्ही मोकळेपणाने सांगतो. परंतु एरवी गळा पुरस्काराच्या तोलाचा असूनही गाणे रंगू लागले की कथानक घाईघाईने पुढे सरकते. मग पुरस्कार गळ्याचा म्हणावयाचा आणि चित्रपटाने त्या गळ्याचे काय केले, हे विचारावयाचे नाही काय?

'कट्यार'चे दुखणे याहून गंभीर आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ साली आले, पं. जितेंद्र अभिषेकींचे संगीत आणि वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. त्या खाँसाहेबांचा अहंकार प्रेक्षकास बोचे आणि त्यांच्या गाण्यापुढे त्याची मान लवे. दोन्ही एकाच वेळी घडे. २०१५ च्या चित्रपटात मत्सर आणि सूड यांचे माप इतके जड झाले की, पुष्कळ वेळ खाँसाहेब हे खलनायकच भासतात. दोन गायकींचा झगडा दोन माणसांच्या वैरावर आला. कैरान्याच्या खाँसाहेबांनी आपल्या पदास दिलेला मान ऐकल्यावर पडद्यावरचे हे चित्र आम्हांस विशेष खटकले.

'आजच्या प्रेक्षकास एवढा धीर नाही' असे यावर सांगण्यात येते. हे साफ खोटे आहे. पुण्यात १९५३ पासून चालत आलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात हजारो माणसे तासन् तास मांडी ठोकून बसतात. दामले-फत्तेलालांच्या 'संत तुकाराम'ने १९३६ साली अभंगास पुरती जागा दिली, आणि तो मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ने २०२० साली गाण्याची बैठक तिच्या संथ लयीत दाखविली. व्हेनिसने त्याच्या पटकथेचा सन्मान केला. तेव्हा उणीव धीराची नसून विश्वासाची आहे.

यावर बंदी हा उपाय नव्हे, हे दिल्लीतील मराठी माणसाने तरी विसरू नये. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी खाते सांभाळणारे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर आपल्यांतलेच. त्यांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीतास मोठे स्थान दिले, ही त्यांची थोर कामगिरी. पण सिनेगीतांस त्यांनी दार लावताच श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, आणि १९५७ साली 'विविध भारती' सुरू करावी लागली. हुकमाने अभिरुची घडत नाही. ती घडते ऐकण्याने.

म्हणूनच प्रश्न आपल्या घरातील मुलांचा आहे. नोएडा-गुडगावच्या शाळांत हिंदी-इंग्रजीत वाढणाऱ्या या मुलांची नाट्यसंगीताशी पहिली ओळख चित्रपटाद्वारे होते. नाट्यपद म्हणजे भरजरी पोशाखातला गोंगाट आणि खाँसाहेब म्हणजे मत्सरी माणूस, ही समजूत घेऊन ती चित्रगृहाबाहेर पडली, तर ती खोडणारे येथे शेजारी कोणी नाही. पुण्या-मुंबईच्या मुलास दुसरा एखादा कार्यक्रम सापडतो; आपल्या मुलास तोच एक चित्रपट असतो. महाराष्ट्रात जी चूक खपून जाते, ती येथे खपवून घेणे आपणांस परवडणारे नाही.

मंडळांच्या चालकांस आमची एवढीच सूचना आहे. मराठी चित्रपट अवश्य लावावेत. पण त्याआधी त्याच पदाची जुनी तबकडी त्या अंधारात सर्वांस ऐकवावी. तीन मिनिटे लागतील. नंतर चित्रपट पाहून मुलांनीच निवाडा करावा. चित्रपटकर्त्यांस मात्र आम्ही सवलत देणार नाही. मराठी म्हणून टाळी मागू नका. एक पद, एकच, आरंभापासून अखेरपर्यंत ऐकू द्या. ते जमल्यास आमचा 'सहमत' हा शेरा तुम्हांस न मागता मिळेल.