कोहळ्याला ‘बटरनट’ म्हटले की भाव येतो?



शहरात सध्या ‘बटरनट’ नावाच्या भोपळ्याचे कौतुक चालले आहे. त्याचे सूप, त्याच्या भाजलेल्या फोडी, आणि वर ‘ऋतूप्रमाणे खा’ असा उपदेश. हा बटरनट म्हणजे १९४० च्या दशकात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समध्ये पुढे आलेला वाण. साल पातळ, गर भरपूर, लहान घराला एका वेळी पुरेल एवढे फळ. गुण आहेत, आम्ही नाकारत नाही. पण आपले लाल कोहळे, कुणाचे काशीफळ, कुणाचे डांगर, त्याच जातीचे आहे. दोघांचे मूळही अमेरिका खंडातच. सख्खे भाऊ! एक मॉलमध्ये मानाने बसतो, दुसरा आठवडी बाजारात पोत्यावर पडून असतो आणि दुपार कलली की मिळेल त्या भावाने जातो.

ऋतूप्रमाणे खाणे आम्हाला कुणी शिकवायला नको. मृगाच्या पावसावर उकिरड्याच्या कडेला, धुऱ्यावर चार बिया टोचायच्या. श्रावणात कोवळ्या पाल्याची भाजी, फुलांची भजी. पितृपक्षात पानावर कोहळे हवेच. पिकलेले फळ देठासकट तोडून कोरड्या जागी ठेवले की महिनोन्‌महिने टिकते, शीतगृह लागत नाही. मेथीदाण्याची फोडणी, सालीसकट फोडी, शेवटी गुळाचा खडा, आणि सोबत ज्वारीची भाकर. भंडाऱ्याच्या पंगतीलाही हीच भाजी. किसून गुळात शिजवले, कणकेत मळले की बोंडे, घारगे. बिया वाळवून भाजल्या की पोरांचा खाऊ.

मग हे वेल गेले कुठे? आमच्या आजीच्या काळी पऱ्हाटीत तुरीचे तास असत, मूग, अंबाडी, बरबटी असे, बांधाला कोहळे असे. आज उधारीची थैली, उधारीचे खत. सावकार आणि बँक कोहळे मोजत नाहीत, म्हणून वीतभर जागाही कापसाला दिली. तणनाशक मारले की तणाबरोबर वेलही जळतो. तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बियाणे निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवेच. पण कापूस विकून भाजी विकत आणायची, हा हिशेब आम्हीच तपासला पाहिजे.

आणि उपदेशकांनीही एक हिशेब तपासावा. म्हणे परसबाग लावा, पोषण वाढेल. कोहळ्याच्या लाल गरातले सत्त्व अंगी लागायला ताटात तेल लागते. कापसाचा भाव पडला की घरात पहिली काटकसर तेलाचीच होते. मायबहिणी अशक्त आहेत त्या पाककृती ठाऊक नाहीत म्हणून नव्हे!

१९९१ साली शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली: सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती, निर्यातशेती. कोहळे हे सीताशेतीचे पीक, बोंडे आणि भाजलेल्या बिया हा माजघराचा माल. २०१६ साली राज्यात फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला. थेट गिऱ्हाइकाला विकता येतो.

तेव्हा या हंगामात धुऱ्यालगतचे दोन तास तणनाशकाविना राखा. त्याचा पैसा घरच्या लक्ष्मीच्या हाती द्या. घरचे बी पुढल्या बैठकीला आणा, वाटून घेऊ. कुणाला बटरनट लावायचा असेल तर खुशाल लावा, पण आधी गिऱ्हाईक पाहा, आणि कोहळ्यापासून दूर लावा. जात एकच, परागाने बी मिसळते.

हमीभावाच्या यादीत कोहळे नाही, आणि यादीत असलेल्या कापसालाही घामाचे दाम मिळत नाहीत. कोहळे भावाची जागा घेणार नाही. आमच्या घामाचे दाम द्या. स्वयंपाक आम्हाला येतो.