मंगळावरील पाणी : दाव्याइतकाच खुलासाही छापा

२८ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेने, मंगळावरील डोंगरउतारांवर उष्ण ऋतूत लांबत जाणाऱ्या आणि शीत ऋतूत लोपणाऱ्या काळसर रेघांत सजल क्षारांचा पुरावा सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा त्या ग्रहावर आजही पाणी वाहते ही वार्ता जगभर ठळक मथळ्यांनी गाजली. पुढे २०१७ साली त्या उतारांची मोजणी झाली असता, या रेघा जवळजवळ सर्वत्र २७ अंशांहून अधिक तीव्र उतारावरच आढळतात आणि सौम्य उतार लागताच थांबतात, असे दिसून आले. पाणी असते तर ते खालच्या सौम्य भागावरही ओघळत गेले असते, थबकते ती कोरडी वाळू, हा त्यावरील तर्क मला बिनतोड वाटतो. या खुलाशास मात्र पहिल्या वार्तेच्या चतुर्थांश जागा मिळाल्याचेही माझ्या पाहण्यात नाही.

वस्तुतः शंकेस प्रारंभापासूनच सबळ कारण होते. मंगळाच्या वातावरणाचा दाब सरासरी ६ मिलिबारच्या आसपास, म्हणजे आपल्या समुद्रसपाटीवरील दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी असल्यामुळे, तेथील पृष्ठभागावर शुद्ध पाणी एक तर गोठून जाते, नाही तर वाफ होऊन उडते. फिनिक्स यानाला २००८ साली मातीत आढळलेले पर्क्लोरेट क्षार त्याचा गोठणबिंदू पुष्कळ खाली नेऊ शकतात हे खरे, परंतु क्षार सापडणे आणि प्रवाह सापडणे यांत महदंतर आहे.

म्हणून मंगळ सदैव कोरडाच होता, असे कोणी समजू नये. जेझेरो विवरातील त्रिभुज प्रदेश, तेथे ३०० कोटी वर्षांहूनही पूर्वी नदी सरोवरास मिळत होती, याची साक्ष देतो. प्रश्न आजच्या पाण्याचा आहे. २०१८ साली मार्स एक्स्प्रेस यानाच्या रडारने दक्षिण ध्रुवाकडील हिमथरांखाली सुमारे दीड किलोमीटरवर टिपलेला, २० किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यातील प्रखर प्रतिध्वनी सरोवराचा की चिकणमातीचा, हा वाद मिटलेला नाही. इनसाइट यानाच्या कंपमापकाच्या नोंदींवरून २०२४ साली वर्तविलेले, साडेअकरा ते वीस किलोमीटर खोलीवरील खडकांच्या भेगांतले पाणी हेही तूर्त अनुमानच होय.

संशोधकांकडे यात दोष जात नाही, कारण एकाने दावा मांडावा आणि दुसऱ्याने तो कसोशीने तपासावा, हीच शास्त्राची रीत आहे. परंतु ज्यांनी पहिली वार्ता मोठ्या अक्षरांत छापली, त्यांनी तिचा खुलासाही त्याच पृष्ठावर, तेवढ्याच अक्षरांत छापावा, अशी मराठी संपादकांस माझी आग्रहाची विनंती आहे.